उपटावं, फवारावं की जाळी घालावी? वांग्याचा पर्णगुच्छ, लिंबाचं ग्रीनिंग आणि आपलं परसू

इथे गोव्यात गेल्या वायंगणात, म्हणजे रब्बीत, शेजारच्या वहिनी वांग्याची दोन झाडं मुळासकट उपटून आमच्या सोप्यावर घेऊन आल्या. एक सकाळी टवटवीत होतं आणि संध्याकाळी त्याने मान टाकली, असं त्यांचं म्हणणं. दुसरं मेलेलं नव्हतंच. उलट जरा जास्तच भरलेलं दिसत होतं. नखाएवढी पानं, देठ जवळजवळ नाहीतच, सगळा झुपका, आणि फळ म्हणून एक नाही. दुकानातून दोघांसाठी एकच पुडी मिळाली होती, तांबं आणि स्ट्रेप्टोमायसिन या प्रतिजैविकाची. "चालेल ना दोघांना?" त्यांनी विचारलं.

पहिल्या झाडाच्या खोडाचा बोटभर तुकडा कापून काचेच्या ग्लासात, स्वच्छ पाण्यात धरला. मिनिटभरात कापल्या जागेतून दुधासारखे बारीक धागे खाली सुटायला लागले. ही मर. दुसऱ्या झाडाचा तुकडा तसाच धरला, पाणी नितळच राहिलं. तो पर्णगुच्छ.

दोन्ही रोग जिवाणूंचेच, पण त्यांचा मार्ग वेगळा, म्हणून तुमचा निर्णयही वेगळा. मरीचा जिवाणू मातीत असतो, मुळांच्या जखमेतून शिरतो आणि पाणी वर नेणाऱ्या नळ्या तुंबवतो. त्याला कीटकाची गरज नाही. पर्णगुच्छाचा जिवाणू, फायटोप्लाझ्मा, मातीत जगूच शकत नाही. त्याला पेशीभित्तिकाच, म्हणजे पेशीभोवतीची भिंतच, नसते. तो झाडाच्या अन्नरस वाहणाऱ्या नळ्यांत राहतो आणि तुडतुड्याच्या सोंडेतून एका झाडावरून दुसऱ्यावर जातो. 1967 साली जपानी शास्त्रज्ञांनी असले जिवाणू दाखवून देईपर्यंत हे रोग विषाणूंचेच समजत होते. बाजारात अजूनही याला सरसकट 'व्हायरस' म्हणतात, त्याची मुळं तिथेच असावीत.

आता पर्णगुच्छाच्या झाडाचं काय करायचं, यावर माझं मत आधीच सांगून टाकतो: उपटा. बाकीचे पर्याय का मागे पडतात ते पाहू.

फवारणी सगळ्यांना आधी आठवते, कारण पंप घरात असतो. पण औषध तुडतुड्याला मारतं, झाडाच्या आत बसलेल्या जिवाणूला नाही. तुडतुडा रोगट झाडाचा रस पितो, जिवाणू त्याच्या अंगात दोनेक आठवडे किंवा जास्त दिवस वाढतो, आणि मग तो तुडतुडा मरेपर्यंत रोग वाटत फिरतो. म्हणजे तुम्हाला गुच्छ दिसतो तेव्हा काम होऊन गेलेलं असतं. शिवाय पन्नास झाडांच्या वाफ्यात तुम्ही मारलेले तुडतुडे बांधापलीकडून परत येतात. सलग मोठं वांग्याचं शेत असेल आणि आजूबाजूचे सगळे एकाच आठवड्यात फवारणार असतील, तर लावणीनंतरच्या पहिल्या महिन्यात त्याचा उपयोग होतो. फळं धरल्यावर मात्र अडचण वेगळीच. वांगं आपण तीन-चार दिवसांनी तोडतो. औषधाच्या लेबलवर तोडणीपूर्वी थांबायचे दिवस लिहिलेले असतात. ते पाळले तर तोडणी बुडते, आणि न पाळता वांगी बाजारात नेणं तर करूच नये. लेबलवर वांग्याचं नाव आहे की नाही, हेही बघा.

उपटण्याला खर्च नाही, पण जीव होत नाही. झाड हिरवं असतं, 'पुढे फुटेल' असं वाटतं. फुटतं खरं, पण पुन्हा तसाच झुपका. उपटताना सकाळच्या गारव्यात जा आणि झाड हलवत बसू नका, नाहीतर त्यावरचे तुडतुडे उडून शेजारच्या रोपावर बसतात. झाड तिथल्या तिथे पोत्यात घाला. मग जाळा किंवा पुरा. आणि त्याच खड्ड्यात दुसरं वांग्याचं रोप लावलं तरी चालतं, कारण झाड मेलं की त्यातला फायटोप्लाझ्माही मेला. मरीच्या बाबतीत नेमकं उलट. तिथे वांगं, टोमॅटो, मिरची लावली तर पुन्हा तेच होणार. भाताच्या शेतात, सरद म्हणजे पावसाळी पीक काढल्यावर भाजी करणाऱ्यांना यात थोडा फायदा असतो, कारण पावसाळाभर पाण्याखाली राहिलेल्या मातीत हा जिवाणू कमी होतो. डोंगराच्या लाल, आंबट मातीतल्या वाफ्यांना तो फायदा नाही. तिथे मर सोसणारी जात घ्यावी. जुने गोवे इथल्या केंद्रीय किनारी कृषी संशोधन संस्थेने अशा जाती काढल्या आहेत. रानवांग्याच्या खुंटावर कलम केलेली रोपंही चालतात. आगशीच्या वांग्याची चव सोडवत नाही, हे मला कळतं. मग निदान कलम तरी करा.

वहिनींनी नऊ झाडं उपटली. दहावं विहिरीकडचं ठेवलं, त्यावर आधीची दोन वांगी होती म्हणून. शिगम्यापर्यंत त्याच्या दोन्ही बाजूंची झाडं झुपक्यात गेली होती.

आणखी दोन गोष्टी उपटण्यातच धरा. पावसाळ्यानंतर जुनी वांगी छाटून खोडवा ठेवायची सवय असेल, तर रोग वर्षभर जिवंत ठेवायचं ते घरच आहे. आणि दारातली सदाफुली बघा. तिची फुलं हिरवी, पानांसारखी व्हायला लागली असतील, तर तिलाही याच जातीचा रोग असण्याची दाट शक्यता आहे. धोतराही असा आसरा देतो.

जाळी हा पर्याय रोपांच्या वाफ्यापुरता सगळ्यांत चांगला. चार-पाच आठवडे रोप झाकलं तर नाजूक वयात लागण होत नाही. नर्सरीची बारीक जाळी मिळाली तर उत्तम. पण दहा-वीस रोपांना जुनी मच्छरदाणीही पुरते. तुडतुडा तीन-चार मिलिमीटरचा असतो, तो त्यातून सहसा येत नाही. पांढरी माशी येते, तेव्हा मिरचीची पानं मुरडणाऱ्या बोकड्या रोगाला या जुगाडाचा उपयोग नाही. आख्ख्या वाफ्यावर जाळी घालायला मी सांगणार नाही. गोव्यातल्या दमट हवेत आत बुरशी माजते.

राहता राहिली ती पुडी. टेट्रासायक्लिन या दुसऱ्या प्रतिजैविकाने पर्णगुच्छाची लक्षणं काही दिवस दबतात, औषध थांबलं की परत येतात. पेनिसिलिन तर पेशीभित्तिकेवर काम करतं, आणि ती इथे नाहीच. केंद्र सरकारने 2021 मध्येच शेतीतल्या स्ट्रेप्टोमायसिन-टेट्रासायक्लिनवर बंदीचा मसुदा आदेश काढला होता, कारण हीच औषधं माणसांना लागतात. वांग्याच्या वीस झाडांसाठी ती वापरणं मला पटत नाही. पुडी परत करा.

लिंबाचं गणित वेगळं आहे, कारण तिथे झाड एका हंगामाचं नसतं. सात-आठ वर्षं वाढवलेलं कागदी लिंबू उपटायला सांगायच्या आधी खात्री हवी. गोव्यात लिंबाच्या पानावर फोड-खपल्या दिसल्या तर बहुधा तो खैऱ्या. हाही जिवाणूच, पण तो वारा-पावसाच्या तुषारांनी पसरतो, आणि नागअळीने पोखरलेल्या पानात सहज शिरतो. आपल्याकडे तीन हजार मिलिमीटरच्या आसपास पाऊस पडतो, तेव्हा तो असणारच. त्यावर छाटणी आणि कॉपर ऑक्सिक्लोराइड चालतं. झाड वाचतं.

ग्रीनिंगवर, म्हणजे पान पिवळं पाडून फळ हिरवंच ठेवणाऱ्या रोगावर, तांबं चालत नाही. तो जिवाणू फायटोप्लाझ्मासारखाच अन्ननळ्यांत राहतो आणि सिला नावाची बारीकशी कीड तो पसरवते. ही कीड फांदीवर डोकं खाली, ढुंगण वर करून तिरकी बसते, एवढ्यावरून ती ओळखता येते. अंडी कोवळ्या पालवीवरच घालते. रोगट कलमातूनही रोग येतो. ओळखायची साधी युक्ती: पिवळसर पानाच्या मधल्या शिरेच्या दोन्ही बाजूंना समोरासमोर पेनाने सारखेच दोन गोल काढा. दोन्ही गोलांतला रंग सारखा असेल तर बहुतेक जस्ताची कमतरता. एकात हिरवं, दुसऱ्यात पिवळं असेल तर संशय घ्या. फळ लहान, वेडंवाकडं आणि बुडाशी हिरवंच राहत असेल तर संशय पक्का होतो.

तरीही परसातलं एकटं कागदी लिंबू असेल, तर मी लगेच कुऱ्हाड चालवणार नाही. मोसंबी-संत्र्याच्या मानाने कागदी लिंबू हा रोग बरंच सोसतं. फळ मिळतंय तोवर खतपाणी द्या, पालवीवर सिला दिसली तर निमतेल मारा. ज्याला पन्नास-शंभर मोसंबीची बाग करायची आहे, त्याने मात्र पहिलं खात्रीचं झाड त्याच दिवशी काढावं. फ्लोरिडात हा रोग 2005 मध्ये सापडला आणि तिथलं संत्र्याचं उत्पादन पुढे कोसळलं. आता तिथे झाडाच्या खोडात ऑक्सिटेट्रासायक्लिन टोचतात. झाड तग धरतं, बरं होत नाही. बाग करणाऱ्याने खर्च रोपांवरच करावा: रस्त्याकडेची कलमं नकोत, नागपूरच्या लिंबूवर्गीय संशोधन संस्थेसारख्या ठिकाणची रोगमुक्त रोपं आणावीत.

इथे कढीपत्त्याचा प्रश्न येतो. सिलाची पिल्लं त्यावर आणि कुंतीवर आनंदाने वाढतात. कढीपत्ता तोडायला सांगणाऱ्याला आमच्याकडे घरात जेवायला बसू देणार नाहीत. तेव्हा लिंबू परसाच्या दुसऱ्या टोकाला लावा आणि कढीपत्त्याची पालवी खुडत राहा. ती खुडली जातेच म्हणा.

माड आणि पोफळीबद्दल थोडक्यात. केरळातला माडाचा मूळकुजव्या म्हणून ओळखला जाणारा रोग आणि केरळ-कर्नाटकातला पोफळीचा पिवळ्या पानांचा रोग, दोन्ही फायटोप्लाझ्माचे, कीटकांनी पसरणारे आणि बरे न होणारे. तिथे तुमच्या हातात एकच निर्णय असतो, रोप कुठून आणायचं तो. बाहेरून ट्रकने येणारी स्वस्त रोपं कुठल्या तालुक्यातली, हे विचारल्याशिवाय घेऊ नका. माडासाठी बाणावलीचं बियाणं जवळ असताना लांब जायची गरजही नसते. कुळागरातली, म्हणजे बागायतीतली, पोफळ पिवळी पडली तर आधी पाट बघा, कारण मुळाशी साचलेलं पाणीही पानं पिवळी करतं. पाणी काढून दिल्यावरही पुढच्या पावसाळ्यानंतर खालच्या, बाहेरच्या झावळ्या टोकाकडून पिवळ्या होत असतील, तर झाडाचा फोटो आणि एक झावळ घेऊन झोनलला, म्हणजे विभागीय कृषी कार्यालयात, किंवा कृषी विज्ञान केंद्रात जा.