एलएलव्हीएमचं सोर्स बिल्ड: यंत्रणा भक्कम, डिफॉल्ट्स अंगावर येणारे

एलएलव्हीएम म्हणजे कंपायलर बनवायच्या साधनांचा संच. त्यासाठी नुसता एखादा पास (कोड तपासणारा किंवा बदलणारा टप्पा) लिहायचा असेल तर सोर्स बिल्डच्या, म्हणजे मूळ कोड स्वतः कंपाइल करण्याच्या, वाटेला जाऊच नका. आपल्या लिनक्स डिस्ट्रोचं डेव्हलपमेंट पॅकेज टाका, आपल्या सीमेक (बिल्डची मांडणी करणारं साधन) फाइलमध्ये आवृत्तीचा आकडा पक्का करा आणि काम सुरू करा. आकडा पक्का करायचा, कारण दर सहा महिन्यांनी मोठी आवृत्ती येते आणि सी प्लस प्लस एपीआय (आपल्या कोडमधून एलएलव्हीएम वापरायची फंक्शन्स) आहे तसाच राहील याची कुणीही हमी देत नाही.

एलएलव्हीएममध्येच हात घालायचा असेल, तर मात्र बिल्ड अटळ आहे. सीमेकला रेपोचा मूळ फोल्डर नाही, त्यातला 'एलएलव्हीएम' हा उपफोल्डर द्यायचा. पहिली ठेच बहुधा इथेच लागते. बिल्ड टाइप 'रिलीज' ठेवा आणि असर्शन्स (कोडमधल्या अंतर्गत तपासण्या) वेगळे चालू करा. रिलीजमध्ये ते बंद असतात, आणि त्यांच्याविना चुकीचा आयआर (एलएलव्हीएमचा मधला कोड) गुपचूप पुढे सरकतो. क्लँगसकट (एलएलव्हीएमचा सी/सी प्लस प्लस कंपायलर) डीबग बिल्ड 15 ते 20 जीबी डिस्क सहज खातं. टार्गेट्सचं (ज्या प्रोसेसर्ससाठी कोड बनवायचा ते) डिफॉल्ट म्हणजे सगळी आर्किटेक्चर्स. ही उधळपट्टी कशाला? आपलं तेवढं एक द्या, बिल्ड बरंच आटोपशीर होतं.

खरी गोची लिंकिंगला, म्हणजे कंपाइल झालेले तुकडे जोडताना, होते. निंजा (बिल्ड चालवणारं साधन) सगळ्या कोअर्सवर एकदम लिंकर सोडतो, रॅम संपते आणि कर्नल प्रोसेस मारून टाकतो. पडद्यावर नुसतं 'किल्ड' दिसतं. समांतर लिंक जॉब्स 1 किंवा 2 करा, लिंकर म्हणून एलएलडी (एलएलव्हीएमचाच लिंकर) निवडा.

आपला प्रोजेक्ट जोडताना 'टाइपइन्फो' सापडत नाही अशी एरर आली, तर दोष आरटीटीआयचा (प्रोग्रॅम चालताना टाइप ओळखायची सी प्लस प्लसची सोय). एलएलव्हीएममध्ये ते मुळातच बंद असतं, पण काही तयार पॅकेजेस ते चालू ठेवतात. म्हणून अंदाज न बांधता एलएलव्हीएम-कॉन्फिग या कमांडला 'हॅज-आरटीटीआय' विचारा आणि उत्तराप्रमाणे आपला फ्लॅग जुळवा. असर्शन्सची सेटिंग दोन्हीकडे वेगळी असेल तर बहुधा 'एबीआय ब्रेकिंग चेक्स' नावाचं सिम्बॉल सापडत नाही म्हणून लिंकिंग अडतं. हे मुद्दाम ठेवलंय आणि उत्तम आहे. नाहीतर प्रोग्रॅम चालताना भलतीकडेच कोसळला असता.

सोर्स फोल्डरातच सीमेक चालवलं तर तो साफ नकार देतो, पण जाताना 'सीमेककॅश' फाइल आणि 'सीमेकफाइल्स' फोल्डर मागे ठेवतो. ते हातानं उडवा, नाहीतर पुढचा बरोबर प्रयत्नही तिथेच अडकेल.