दादरचा रोमन सेनापतींचा रविवार क्लास : सहा रविवार बसून आले, सांगते कसा वाटला ते

क्लास नक्की करा, पण बारा वाजता उठून घरी गेलात तरी चालेल, असं माझं मत आहे. का ते सविस्तर सांगते.

सहा रविवार, सकाळी दहा ते एक, दादर पश्चिमेला स्टेशनपासून चालत दहा मिनिटांवर एका जुन्या बिल्डिंगचा दुसरा मजला, लिफ्ट नाही. फी ३,६०० रुपये, चहा-बिस्कीट त्यातच. विषय प्राचीन रोमचे सेनापती आणि त्यांच्याकडून नेतृत्व काय शिकायचं. मी मुलुंडला राहते, आमच्या ८४ फ्लॅटच्या सोसायटीची तीन वर्षं सेक्रेटरी आहे, आणि गेलं वर्षभर रिडेव्हलपमेंटवरून दोन गट पडलेत, थकबाकी वाढलीये, मीटिंगला बसलं की तासाभरात आवाज चढतात, त्यामुळे कोणाकडून तरी चार गोष्टी शिकाव्यात असं मनापासून वाटत होतं म्हणून नाव घातलं. रोमबद्दल मला सीझर सोडून काही माहीत नव्हतं.

पहिले दोन तास सर घेतात. इतिहासाचे रिटायर्ड प्राध्यापक आहेत, हातात कागद नाही, स्लाइड नाहीत, भिंतीवर भूमध्य समुद्राचा मोठा नकाशा आणि एक फळा, बास. पहिल्याच रविवारी त्यांनी कोपऱ्यातला खराटा मागवला आणि जिमला जाणाऱ्या एका मुलाला म्हणाले, मोड हा एका झटक्यात. त्याने गुडघ्यावर ठेवून जोर लावला, कान लाल झाले, खराटा तसाच. मग तोच खराटा पुढच्या रांगेतल्या आजींकडे दिला, आजींनी गप्पा मारत मारत एकेक काडी ओढून काढली आणि कडकड मोडली, पाच-सात मिनिटांत अर्धा खराटा संपला. आपल्याला शाळेत एकीचं बळ शिकवतात ना काठ्यांच्या मोळीवरून, ते त्यांनी उलट्या बाजूने दाखवलं. मग सर्टोरियसची गोष्ट सांगितली. हा एका डोळ्याने अधू झालेला सेनापती स्पेनमध्ये रोमच्याच सत्ताधाऱ्यांविरुद्ध कित्येक वर्षं लढला, त्याचे तिथले सैनिक उतावळे, एकदम जाऊन भिडायचं म्हणून हट्ट करायचे, एकदा तसे गेले आणि मार खाऊन आले. तेव्हा त्याने सगळ्यांसमोर दोन घोडे आणले, एक मरतुकडा आणि एक धिप्पाड, मरतुकड्याची शेपूट पहिलवानाच्या हातात आणि धिप्पाड घोड्याची एका किरकोळ माणसाच्या. पहिलवान ओढून ओढून दमला, किरकोळ माणसाने एकेक केस उपटत शेपूट रिकामी केली. प्लूटार्क नावाच्या जुन्या ग्रीक चरित्रकाराने लिहून ठेवलंय हे.

मी दुसऱ्या दिवशी थकबाकीची यादी घेतली आणि ग्रुपवर नावं टाकायचं बंद केलं, रोज संध्याकाळी एकच घर. एका काकांचा मुलगा आजारी होता हे मला दोन वर्षं माहीतच नव्हतं. त्यांनी तीन हप्ते ठरवून दिले आणि पहिला त्याच आठवड्यात भरला.

दुसरा रविवार फेबियसचा. रोमच्या शत्रूचा, कार्थेजचा सेनापती हॅनिबल इटलीत घुसलेला, इ.स.पू. २१७ मध्ये ट्रासिमिन सरोवराजवळ रोमची अख्खी फौज कापली गेली, तेव्हा फेबियसला हुकूमशहा नेमलं. हुकूमशहा म्हणजे तिथे तेव्हा जास्तीत जास्त सहा महिन्यांसाठी दिलेलं अधिकाराचं पद, आत्ताच्या अर्थाने नाही. हा माणूस मोठी लढाई द्यायलाच तयार नाही, डोंगराच्या कडेकडेने हॅनिबलच्या मागे राहायचं आणि दाणापाणी गोळा करायला बाहेर पडलेल्या तुकड्या तेवढ्या गाठायच्या. क्लासमधून लगेच आवाज आला, सर हा तर गनिमी कावा. सरांनी हो म्हटलं नाही आणि नाहीही म्हटलं नाही, म्हणाले साम्य आहे पण आपल्या सह्याद्रीतला कावा चपळ, अचानक घाला घालून निघून जाणारा, फेबियसची सगळी भिस्त न लढण्यावर. रोममध्ये लोक त्याला भित्रा म्हणायला लागले. त्यात हॅनिबलने मुद्दाम आजूबाजूची सगळी शेतं जाळली आणि फेबियसचं तेवढं राखलं, म्हणजे लोकांना संशय यावा. फेबियसने काय केलं, कैद्यांच्या अदलाबदलीत दोनशेच्या वर रोमन सैनिकांचे पैसे द्यायचे राहिले होते आणि सिनेट, म्हणजे रोमचा कारभार बघणारं मंडळ, द्यायला तयार नव्हती, तर त्याने आपली शेतजमीन विकून ते पैसे भरले. खुलासा करत बसला नाही. नंतर त्याचाच दुय्यम अधिकारी मिन्युशियस बरोबरीचा अधिकार मिळवून हॅनिबलच्या सापळ्यात अडकला, तेव्हा फेबियस डोंगरावरून खाली आला आणि त्याला सोडवलं, एक शब्द बोलून न दाखवता. मिन्युशियसने सगळ्या फौजेसमोर त्याला वडील म्हटलं आणि अधिकार परत दिला. मला हे ऐकताना आमच्या मीटिंग आठवत होत्या, कोण बरोबर ठरलं तर तो पुढची सहा महिने ते ऐकवत राहतो.

चौथा रविवार मी विसरणार नाही. इमिलियस पॉलस. इ.स.पू. १६८ मध्ये पिड्नाला मॅसिडोनियाच्या राजाला हरवलं, पुढच्या वर्षी रोममध्ये तीन दिवस विजयाची मिरवणूक. मोठे दोन मुलगे त्याने आधीच दुसऱ्या घराण्यांत दत्तक दिलेले, घरात राहिलेले दोन, एक चौदा वर्षांचा आणि एक बारा. एक मिरवणुकीच्या पाच दिवस आधी गेला, दुसरा तीन दिवसांनी. त्यानंतर हा माणूस लोकांसमोर उभा राहिला आणि म्हणाला की एवढ्या यशानंतर दैव काहीतरी उलटं देणारच अशी मला भीती होती, ते रोमवर न येता माझ्या घरावर आलं, आता मी निश्चिंत आहे. हॉलमध्ये फक्त पंख्याचा आवाज येत होता. माझ्या शेजारचे गृहस्थ चष्मा काढून पुसत होते आणि बराच वेळ पुसत राहिले.

आणि मग सरांनी दोन मिनिटं थांबून पुढचं सांगितलं, म्हणूनच मला हे शिकवणं आवडलं. म्हणाले, ह्याच माणसाने, सिनेटच्या हुकमावरून, त्या मिरवणुकीआधी परतीच्या वाटेवर एपिरस प्रांतातली सत्तर गावं एकाच वेळी लुटवली आणि दीड लाख माणसं गुलाम केली. त्यांच्यातही चौदा आणि बारा वर्षांची मुलं असणार. दोन्ही गोष्टी वहीत एकाच पानावर लिहा, असं सांगितलं. मी लिहिल्यात.

आता तक्रार. शेवटचा एक तास आयोजकांकडचे ट्रेनर घेतात, त्यात छापील वर्कशीट असते, इंग्रजीतलं कच्चं भाषांतर, प्रत्येक सेनापतीपुढे एक गुण आणि पुढे रिकामी जागा, तुमच्या आयुष्यात हा कसा वापराल. पॉलसपुढे लिहिलं होतं ‘संकटात खंबीर’. एपिरसचा उल्लेख कुठेच नाही. मी विचारलं तर ट्रेनर म्हणाले, मॅडम आपण पॉझिटिव्ह घेऊया. मला हे खरंच पटलं नाही. तासाभरापूर्वी जे ऐकून माणसं गप्प झाली होती त्याचं भिंतीवर चिकटवायचं सुविचार करून टाकायचं असेल तर रोमपर्यंत जायची गरज काय. क्रॅससच्या आठवड्याला तर ‘संधी ओळखा’ लिहिलं होतं, हा तोच क्रॅसस जो जळत्या घरांच्या मालकांकडून आणि शेजाऱ्यांकडून पडत्या भावात घरं विकत घ्यायचा आणि शेवटी इ.स.पू. ५३ मध्ये पार्थियन, म्हणजे तेव्हाच्या इराणकडच्या लोकांवर हौसेने चालून जाऊन कॅर्‍हीला स्वतः मेला आणि हजारो सैनिकांना घेऊन मेला. ज्यांच्या बिल्डिंगवर बिल्डरचा डोळा आहे अशा मुंबईकरांसमोर ते वर्कशीट ठेवताना कोणीतरी एकदा वाचायला हवं होतं. फीडबॅक फॉर्मवर मी हे सगळं लिहून दिलंय.

सिन्सिनॅटसला सरांनी अर्ध्या तासात उरकलं, शेतावरून बोलावून हुकूमशहा नेमलं आणि सोळाव्या दिवशी पद सोडून शेतावर परत गेला ती गोष्ट, त्यात दंतकथेचा भाग बराच असावा हेही सांगितलं. मला अजून ऐकायला आवडलं असतं.

पण अग्रिप्पासाठी अख्खा शेवटचा रविवार दिला. ऑगस्टस म्हणजे रोमचा पहिला सम्राट, त्याच्या मोठ्या लढाया ह्याने जिंकल्या, इ.स.पू. ३१ ची अ‍ॅक्टियमची सुद्धा, विजयाची मिरवणूक देऊ केली ती एकापेक्षा जास्त वेळा नको म्हणाला. इ.स.पू. ३७ मध्ये कॉन्सल, म्हणजे सर्वोच्च पद भोगून झालेलं, आणि तरी ३३ मध्ये ईडाइल झाला, म्हणजे रस्ते, पाणी, गटारं बघणारा अधिकारी. पाण्याचे जुने कालवे दुरुस्त केले, नवा बांधला, गटारं साफ करून घेतली आणि मग स्वतः होडीत बसून त्या भुयारी गटारातून थेट टायबर नदीपर्यंत गेला. सरकारी तिजोरीतून न घेता स्वतःच्या खर्चाने. सरांनी फळ्यावर गटाराचा आडवा छेद काढून दाखवला, वर कमान, खाली पाणी, मधे एवढीशी होडी. मे महिना होता, खाली रस्त्यावर नाल्यातला गाळ काढून ठेवलेला, खिडकीतून वास येत होता आणि कोणी खिडकी लावली नाही. त्या आठवड्यात मी प्लंबरबरोबर आमच्या मागच्या गल्लीतले अकराही चेंबर उघडून बघितले, तीन मुळांनी बंद होते.

सरांच्या दोन तासांना पाचपैकी पाच, शेवटच्या तासाला दोन. मेगाब्लॉक बघून निघा, मला दोनदा उशीर झाला आणि सर मागचं परत सांगत नाहीत. खिडकीकडची रांग धरा, मधला पंखा हळू आहे. वही मोठी घ्या. आणि नकाशाचा फोटो पहिल्याच दिवशी काढून ठेवा, सरांची काही हरकत नसते.