जुना ५८ सीसी चेन सॉ : एका हंगामाच्या वापरानंतर

निसर्ग चक्रीवादळ ३ जून २०२० ला अलिबागजवळ किनाऱ्याला धडकलं आणि श्रीवर्धनपासून दापोली-मंडणगडपर्यंतच्या बागा आडव्या झाल्या. त्या पावसाळ्यात आमच्या पट्ट्यात ज्याला जमलं त्याने चेन सॉ घेतला. पडलेले माड, पोफळी, आंबे, फणस कापून झाले, वाटा मोकळ्या झाल्या आणि मशीन टाकीतल्या पेट्रोलसकट माळ्यावर गेलं. आता तीच मशीनं विकायला निघतात. मी गेल्या वर्षी पावसाआधी त्यातलंच एक घेतलं: टू-स्ट्रोक, ५८ सीसी, २२ इंची बार (चेन जिच्यावरून फिरते ती पट्टी), चिनी बनावटीचं. किंमत ३,२०० रुपये. विकणारा ओळखीतला. "दोन झटक्यांत सुरू होतं, दादा," म्हणाला, आणि ते खरंही होतं. सुरू व्हायचं, पण रेस दिली की गुदमरून बंद पडायचं.

तेव्हापासून जुन्या कलमांची छाटणी, घरची वर्षभराची फाटी आणि पावसात कोसळलेला एक भला मोठा फणस, एवढं काम त्यावर निघालंय. माझं मत आता पक्कं आहे: पडून राहिलेल्या चेन सॉचं इंजिन क्वचित मरतं, मरतं ते रबर. पेट्रोलची नळी, कार्बोरेटरचे पडदे, सिलिंडरकडचा रबरी जोड, हे सगळं काही शे रुपयांत येतं. म्हणून घेताना इंजिन तपासायचं आणि बाकीचं दुरुस्त करायच्या तयारीनेच घ्यायचं.

इंजिन तपासायला मेकॅनिक लागत नाही. सायलेन्सरचे बोल्ट काढा, सायलेन्सर बाजूला करा आणि त्या भोकातून बॅटरीच्या उजेडात पिस्टन बघा. दोरी हळूहळू ओढत पिस्टन वरखाली करून बघायचा. पिस्टनची बाजू गुळगुळीत, एकसारखी करडी दिसली तर मशीन जगलेलं आहे. उभे ओरखडे दिसले, ॲल्युमिनियम सिलिंडरला चोपडल्यासारखं दिसलं, तर कधीतरी ऑइल न घालता नुसत्या पेट्रोलवर चालवलेलं आहे किंवा हवा ओढून तापलेलं आहे. असं मशीन फुकट मिळालं तरी घेऊ नका. दुसरी चाचणी कॉम्प्रेशनची. स्विच बंद ठेवून मशीन स्टार्टरच्या मुठीला धरून लोंबकळत सोडायचं. ते अडखळत, टप्प्याटप्प्याने खाली आलं तर दम आहे, सरसर खाली आलं तर नाही. आणि तिसरं, पुढचा हाताचा गार्ड जागेवर आहे ना आणि तो पुढे ढकलल्यावर चेन जागच्या जागी थांबते ना, हे बघायचं. आमच्याकडे अनेकांनी तो गार्ड 'मध्ये येतो' म्हणून काढून टाकलाय. तो चेनचा ब्रेक आहे. बारच्या टोकाचा वरचा भाग लाकडाला टेकला की बार क्षणात तोंडाच्या दिशेने उसळतो, आणि त्या वेळी तुमच्यात आणि चेनमध्ये एवढीच एक गोष्ट असते.

माझ्या मशीनचा पिस्टन स्वच्छ होता. तरी तालुक्याच्या एका दुरुस्तीवाल्याने बाहेरूनच आवाज ऐकून "रिंग गेली, बोअर करावा लागेल" असं सांगून मशीनच्या किमतीएवढा खर्च काढला. पिस्टन डोळ्यांनी पाहिलेला होता म्हणूनच मी मशीन घेऊन परत आलो.

दोष शोधायचा क्रम ठरलेला ठेवला तर वेळ वाया जात नाही. आधी स्पार्क. प्लग काढून टोपीला लावायचा, त्याचं लोखंड सिलिंडरला टेकवायचं आणि दोरी ओढायची. प्लगच्या भोकापासून जरा लांब धरा, आतून पेट्रोलची वाफ येते. माझ्याकडे निळा, करकरीत स्पार्क होता. मग प्लग ओला की कोरडा ते बघायचं. ओला असेल तर पेट्रोल जास्त जातंय, कोरडा असेल तर पोचत नाहीये. माझा कोरडा. खात्रीसाठी ऑइल मिसळलेल्या पेट्रोलचे दोन-चार थेंब प्लगच्या भोकात टाकले, प्लग घट्ट केला आणि ओढलं. मशीन दोन सेकंद जोरात चाललं आणि बंद पडलं. म्हणजे इंजिन चांगलं, स्पार्क चांगला, भूक पेट्रोलची. इथपर्यंत यायला एक पैसा लागला नाही.

टाकीतला फिल्टर तारेच्या आकड्याने बाहेर ओढला तर त्याच्यासोबत नळीचा तुकडाच आला. नळी टाकीत शिरते तिथे चिकट होऊन फाटली होती. आताच्या पेट्रोलमध्ये इथेनॉल असतं, ते हवेतलं पाणी ओढून घेतं आणि जुन्या, स्वस्त रबराचं वाटोळं करतं. कोकणातल्या पावसाळी हवेत अर्धी भरलेली टाकी ठेवणं म्हणजे आत पाणी साठवणंच. नळी आणि फिल्टर बदलल्यावर मशीन पूर्वीपेक्षा बरं चाललं, पण पूर्ण रेस घेईना. म्हणून कार्बोरेटर उघडला.

इथे जरा सविस्तर सांगतो, कारण नव्वद टक्के लोक इथेच कार्बोरेटर फेकून नवा घेतात. चेन सॉ कसाही आडवा, उलटा धरावा लागतो, म्हणून त्यात मोटारसायकलसारखा पेट्रोलची पातळी राखणारा तरंगता फ्लोट नसतो. दोन पातळ पडदे असतात. एका बाजूचा पडदा पिस्टनखालच्या क्रँककेसच्या दाबाच्या ठोक्यांवर थडथडून टाकीतलं पेट्रोल वर ओढतो, म्हणजे तो पंप. दुसऱ्या बाजूचा पडदा खालीवर होऊन एक छोटी दांडी दाबतो आणि ती दांडी सुईचा झडप उघडते. हा दुसरा पडदा लुसलुशीत असायला हवा. माझा काढून बोटांत धरला तर कागदासारखा करकर वाजला. पाच वर्षांचं जुनं पेट्रोल त्यात सुकून गेलं होतं. आतल्या बारीक जाळीवर हिरवट राप चढला होता. कार्ब क्लीनरचा फवारा मारून सगळी भोकं साफ केली, तार घातली नाही. तारेने जेट मोठा होतो आणि मग काही केल्या सेटिंग बसत नाही.

कार्बोरेटरचं किट, म्हणजे नवे पडदे आणि गॅस्केट, बसवताना पडदा आणि गॅस्केट यांचा क्रम दोन्ही बाजूंना वेगळा असतो. पंपाच्या बाजूला आधी पडदा, त्यावर गॅस्केट, मग झाकण. सुईच्या बाजूला आधी गॅस्केट, त्यावर पडदा, मग झाकण. हा क्रम उलटला की नवं किट घालूनही मशीन चालत नाही आणि माणूस समजतो कार्बोरेटरच गेला. उघडताना प्रत्येक थराचा मोबाइलवर फोटो काढून ठेवा.

किटनंतर मशीनने रेस घेतली, पण सोडल्यावर खाली येईना. स्लोला सुद्धा कधी वर कधी खाली. हे लक्षण हवा ओढण्याचं. मशीन स्लोला चालू ठेवून कार्बोरेटर आणि सिलिंडरच्या मधल्या रबरी जोडाभोवती क्लीनरचा अगदी छोटा फवारा मारला, तर आवाज लगेच बदलला. हे उघड्यावर आणि नुकत्याच सुरू केलेल्या, अजून न तापलेल्या मशीनवरच करा, सायलेन्सर तापलेला असताना अजिबात नाही. जोड काढून वाकवला तेव्हा खालच्या अंगाला चीर दिसली. सरळ धरला की ती दिसतही नव्हती. हा सगळ्यात धोक्याचा दोष म्हणावा लागेल, कारण मशीन चालत राहतं, आवाज उलट गोड, चढा येतो. पण जास्तीच्या हवेने मिश्रण पातळ होतं, पेट्रोलसोबत येणारं ऑइल कमी पडतं आणि पिस्टन भाजतो. सायलेन्सरमागे दिसणारे ते उभे ओरखडे असेच येतात.

सेटिंगचं म्हणाल तर, कार्बोरेटरवरचे एल (कमी रेसचं पेट्रोल ठरवणारा) आणि एच (पूर्ण रेसचं) हे दोन्ही स्क्रू हलक्या हाताने बंद करून साधारण एकेक आटा उघडायचे आणि तिथून पुढे कानाने. एल असा, की रेस देताच मशीन न अडखळता उचलेल. एच असा, की मोकळ्या हवेत पूर्ण रेसला आवाज किंचित तुटक, भरल्यासारखा येईल आणि बार लाकडात शिरताच साफ होईल. मोकळ्यातच आवाज स्वच्छ किंचाळायला लागला तर एच उघडा. स्लोला चेन फिरता कामा नये. स्लो कमी करूनही फिरत असेल तर क्लचची स्प्रिंग ढिली झाली किंवा तुटली आहे.

डिसेंबरात छाटणी चालू असताना नवा त्रास सुरू झाला. अर्धा-पाऊण तास छान चालायचं, मग बंद, आणि थंड झाल्याशिवाय सुरू नाही. अशा वेळी आधी टाकीचं झाकण सैल करून बघायचं. 'सुस्स' आवाज येऊन मशीन सुरू झालं तर टाकीत हवा जायची वाट बुजली आहे. माझं तसं नव्हतं. गरम असतानाच प्लग तपासला तर स्पार्क नाही. म्हणजे स्पार्क तयार करणारी कॉइल तापल्यावर दगा देत होती. नवी कॉइल बसवताना चुंबकाच्या चाकापासून तिचं अंतर साधारण ०.३ मिलिमीटर ठेवायचं असतं. मध्ये एक साधं व्हिजिटिंग कार्ड घालायचं, चुंबकाने कॉइल ओढून घेतली की स्क्रू आवळायचे आणि कार्ड काढून घ्यायचं. तो त्रास तिथे संपला.

इंजिनाइतकंच चेनकडे बघावं लागतं, किंबहुना जास्त. भुसा पिठासारखा पडत असेल तर चेन बोथट आहे, मग कितीही दाबा, बार तापेल एवढंच. धार असेल तर चकत्यांसारखे छिलके पडतात आणि मशीन स्वतःच्या वजनाने खाली उतरतं. आजच्या चेनच्या दात्याचा आकार अमेरिकेतल्या ओरेगॉनच्या जोसेफ कॉक्सने १९४० च्या दशकात लाकूड पोखरणाऱ्या भुंगेऱ्याच्या अळीवरून घेतला. ती अळी जबड्याने आळीपाळीने डावीउजवीकडे कुरतडत सरळ पुढे जाते. आपल्या आंब्याला लागणाऱ्या भिरुडाची अळी त्याच भुंगेऱ्यांच्या कुळातली. म्हणूनच चेनवर एक दाता डावा, एक उजवा असतो. एका बाजूचे दाते लहान-मोठे घासले गेले की काप सरळ न जाता वाकतो. माझी चेन ०.३२५ इंच पिचची (पिच म्हणजे कड्यांमधल्या अंतराचं माप), तिला ४.८ मिलिमीटरची गोल कानस लागते. ३० अंशांचा कोन धरून प्रत्येक दात्याला सारखेच दोन-तीन हात, आणि कानस फक्त पुढे ढकलताना. टाकी भरायला थांबलो की तेवढ्यात धार लावून घेतो.

आंबा आणि साग सोपे. फणसाचा चीक चेनवर आणि बारच्या खाचेत चिकटतो, काम संपल्यावर रॉकेलने पुसल्याशिवाय ठेवू नये. माड सगळ्यात वाईट. त्याच्या खोडाचे तंतू झाकणाखाली गिअरभोवती गुंडाळतात आणि बार-चेनला वंगण देणाऱ्या ऑइलचं भोक बुजवतात, शिवाय धार पटकन जाते. माड कापायचा असेल तर मध्येच एकदा झाकण उघडून साफ करायचंच. ऑइल येतंय का ते बघायला बारचं टोक पुठ्ठ्यासमोर धरून रेस द्यायची, पुठ्ठ्यावर तेलाची रेघ उमटली पाहिजे. बारला गाडीचं जळकं ऑइल घालायची आमच्याकडे पद्धत आहे, मला ती पटत नाही. त्यातले लोखंडाचे कण पंप खातात आणि ते काळं ऑइल कलमाच्या ताज्या कापावर उडतं, जिथे आपण नंतर बोर्डो पेस्ट (मोरचूद-चुन्याचा लेप) लावणार असतो. मी ताजं २०डब्ल्यू-४० इंजिन ऑइल वापरतो.

पेट्रोलमध्ये टू-टी ऑइल लिटरला ४० मिली, म्हणजे २५ ला १. धूर थोडा होतो, होऊ दे. मिश्रण लागेल तेवढंच करतो. काम दोन आठवड्यांपेक्षा जास्त थांबणार असेल तर टाकी रिकामी करून मशीन आपोआप बंद पडेपर्यंत स्लोला चालवतो, म्हणजे कार्बोरेटरही कोरडा होतो. माळ्यावर गेलेल्या मशिनांना हे एवढं मिळालं असतं तर ती विकायला निघालीच नसती.

नळी, फिल्टर, किट, जोड, कॉइल, प्लग आणि नवी चेन धरून दुरुस्तीचा खर्च अठराशेच्या आसपास गेला. एवढ्यात मशीन मिळालं, पण दोन गोष्टी तशाच राहिल्या. वजन. झाडावर चढून किंवा शिडीवरून हे मशीन चालवायचा विचारही करू नका, वरच्या फांद्या करवतीनेच काढतो. आणि थरथर. तासाभराने बोटं बधिर होतात, तेव्हा थांबावंच लागतं. ज्याला वर्षातून एकदा चार फांद्या तोडायच्या आहेत, त्याने हे घेऊ नये, भाड्याने माणूस बोलवावा. ज्याची बाग आहे आणि पाना हातात धरायची आवड आहे, त्याने जरूर घ्यावं.

सध्या क्लचच्या बाजूच्या सीलमधून थोडं तेल झिरपतंय, ते पाऊस लागण्याआधी बदलायचं आहे. कोणी करणार असेल तर सांगून ठेवतो: क्लचचे आटे उलटे असतात, घड्याळाच्या काट्याच्या दिशेने फिरवलं की तो सैल होतो. आणि फिरवताना इंजिन धरून ठेवायला प्लगच्या भोकात सुती दोरीचा वेढा सोडा, स्क्रूड्रायव्हर घालू नका, पिस्टनला भोक पडतं.