कोकणातल्या घरासाठी स्टोरेज सर्व्हर: तयार पेटी, जुना संगणक की रास्पबेरी पाय?

गणपतीत सगळी भावंडे गावी जमली की प्रत्येकाच्या मोबाइलमधले फोटो, लग्नांचे व्हिडिओ, जमिनीच्या कागदांचे स्कॅन हे सारे एकाच ठिकाणी असावे, हा विषय हटकून निघतो. १ जून २०२१ पासून गूगल फोटोजची अमर्याद मोफत साठवण बंद झाली, तेव्हापासून तो अधिकच निकडीचा झाला आहे. घरच्या नेटवर्कला जोडलेला आणि सर्वांना वापरता येणारा स्टोरेज सर्व्हर, म्हणजेच नॅस, हा त्यावरचा चांगला उपाय आहे. मात्र तो निवडताना पुण्या-मुंबईतल्या फ्लॅटसाठी दिलेले सल्ले किनाऱ्यावर जसेच्या तसे लागू पडत नाहीत. गुहागर तालुक्यातल्या आमच्या घरी मी तिन्ही प्रकार चालवून पाहिले आहेत, आणि त्या अनुभवावरून माझे मत असे झाले आहे की यंत्राची ताकद किती यापेक्षा, ते बिघडले तर त्या वेळी घरात कोण असेल, या प्रश्नावर ही निवड करावी.

पहिला पर्याय सिनॉलॉजी किंवा क्यूनॅप यांसारख्या कंपन्यांची दोन डिस्कची तयार पेटी. दुसरा, घरातल्या जुन्या डेस्कटॉपवर ट्रूनॅस किंवा ओपनमीडियाव्हॉल्ट ही मोफत प्रणाली बसवणे. तिसरा, रास्पबेरी पाय (तळहाताएवढा स्वस्त संगणक, पुढे नुसता ‘पाय’) आणि त्याला यूएसबीने जोडलेली डिस्क. विकत घेताना तयार पेटी सर्वांत महाग पडते आणि जुना संगणक जवळजवळ फुकट वाटतो, पण विजेचे बिल धरले की हे चित्र बदलते. सरासरी २० वॅट घेणारी पेटी अखंड चालली तर महिन्याला साधारण १४ ते १५ युनिट होतात, ६० वॅट घेणाऱ्या डेस्कटॉपचे ४३ युनिट होतात, आणि पाय व एक लहान डिस्क मिळून ७ युनिटांच्या आसपास भागते.

विजेचा खरा प्रश्न बिलाचा नसून ती जाण्याचा आहे. मे महिन्यातल्या वळवाच्या पावसापासून आमच्याकडे लाईट दिवसातून चार वेळा जाते, आणि डिस्कवर लिहिणे चालू असताना ती गेली तर फाइल अर्धवट राहते. घरात इन्व्हर्टर आहे म्हणून अनेक जण निर्धास्त असतात, पण बॅटरी संपत आल्याचे इन्व्हर्टर सर्व्हरला कळवू शकत नाही, आणि वीज पालटतानाच्या क्षणभराच्या खंडानेही डेस्कटॉप पुन्हा सुरू होऊ शकतो. त्यासाठी यूएसबी केबलने सर्व्हरशी बोलणारा लहान यूपीएस हवा. तयार पेटीत ही सोय आधीपासून असते. केबल जोडून सेटिंगमध्ये एक खूण केली की बॅटरी उतरत आल्यावर पेटी स्वतःहून व्यवस्थित बंद होते. ट्रूनॅस आणि ओपनमीडियाव्हॉल्टवरही हे करता येते, फक्त तिथे यूपीएसचा योग्य ड्रायव्हर (त्याच्याशी बोलणारा प्रोग्रॅम) शोधून बसवण्यात एखादी संध्याकाळ जाते. पायच्या बाबतीत मला सर्वाधिक त्रास झाला तो इथेच. त्याची प्रणाली एसडी कार्डावर असेल तर वारंवार वीज जाण्याने ते कार्ड खराब होते. माझे दुसऱ्याच पावसाळ्यात झाले. पाय घ्यायचाच असेल तर प्रणाली एसएसडीवर ठेवावी आणि डिस्कला स्वतःचा वेगळा वीजपुरवठा द्यावा.

दुसरा शत्रू खारी, दमट हवा. एका ऑगस्टमध्ये आमचा डेस्कटॉप सुरूच होईना, नुसते बीप वाजत राहिले. खोलून पाहिले तर रॅमच्या सोनेरी पट्ट्या काळवंडल्या होत्या आणि मदरबोर्डच्या कडेच्या एका स्क्रूभोवती हिरवट थर धरला होता. खोडरबराने पट्ट्या घासल्या तेव्हा तो चालू झाला. उन्हाळ्यानंतर दोन महिने तो बंद ठेवला होता, हेच त्याचे कारण असावे असे मला वाटते, कारण चालू यंत्र आतून थोडे उबदार राहते आणि त्यात ओल धरत नाही. त्यामुळे पावसाळ्यात जपून ठेवायचे म्हणून सर्व्हर बंद करणे ही चूक ठरते. डेस्कटॉपचे मोठे पंखे खूप हवा आत ओढतात आणि तिच्याबरोबर खारेपणाही येतो. लहान पेटीत हा त्रास कमी, पंखा नसलेल्या पायमध्ये त्याहून कमी. जागा माजघरात, बाहेरच्या भिंतीपासून दूर असावी. कौलांखालचा माळा उन्हाळ्यात तापतो आणि पावसात गळतो. जमिनीवरही ठेवू नये. चिपळूणचा जुलै २०२१ मधला पूर ज्यांनी पाहिला त्यांना याचे कारण सांगायला नको. आकाशात गडगडाट सुरू झाला की मात्र यंत्र रीतसर बंद करून प्लग आणि नेटवर्कची केबल दोन्ही काढायला घरातल्यांना शिकवावे.

माहितीच्या सुरक्षिततेत ट्रूनॅस सर्वांत सरस आहे, हे मान्य करायलाच हवे. त्यातली झेडएफएस ही फाइल प्रणाली माहितीच्या प्रत्येक तुकड्याची बेरीज-खूण (चेकसम, ज्यावरून तो बिघडला का ते कळते) ठेवते आणि दोन डिस्क आरशासारख्या, म्हणजे दोन्हींवर तीच माहिती अशा, जोडलेल्या असतील तर बिघडलेला तुकडा दुसरीवरून दुरुस्त करते. त्यासाठी किमान ८ जीबी रॅम लागते. सिनॉलॉजीच्या प्लस मालिकेत बीटीआरएफएस या फाइल प्रणालीमुळे जवळपास तीच सोय मिळते. पायवरच्या एका यूएसबी डिस्ककडून ही अपेक्षा ठेवू नये. डिस्क घेताना ती सीएमआर प्रकारची (माहितीचे पट्टे शेजारी शेजारी लिहिणारी) आहे याची खात्री करावी, कारण एसएमआर (पट्टे एकमेकांवर चढवून लिहिणारी) डिस्क आरशाची पुनर्बांधणी करताना फार रखडते.

आता देखभाल. माझ्यासारखा चाकरमानी मुंबईत आणि आई-वडील गावी, अशी निम्मी घरे आहेत. दोन वर्षांपूर्वी बाबांचा फोन आला, “अरे, त्या पेटीचा दिवा नारिंगी झालाय आणि ती ओरडतेय.” एक डिस्क गेली होती. नवी डिस्क कुरिअरने पाठवली आणि व्हिडिओ कॉलवर मी सांगत गेलो तसा बाबांनी कप्पा ओढला, जुनी काढली, नवी सरकवली. स्क्रूड्रायव्हरही लागला नाही. हेच काम डेस्कटॉपमध्ये, चार सारख्या दिसणाऱ्या केबलींमधून, सत्तरी ओलांडलेल्या माणसाला फोनवर सांगण्याचे धाडस मी केले नसते.

तयार पेटीलाही तिच्या मर्यादा आहेत. सिनॉलॉजीने २०२५ मध्ये नव्या प्लस पेट्यांवर स्वतः मान्य केलेल्याच डिस्कची अट घातली होती आणि त्याच वर्षी ती सैल केली. म्हणून घेण्याआधी डिस्कची यादी तपासावी. जानेवारी २०२२ मध्ये डेडबोल्ट नावाच्या खंडणीखोर प्रोग्रॅमने इंटरनेटवर उघड्या असलेल्या क्यूनॅप पेट्यांमधल्या फाइली कुलूपबंद केल्या. म्हणून कोणताही पर्याय घेतला तरी राऊटरचे पोर्ट, म्हणजे इंटरनेटवरून थेट आत येण्याची वाट, उघडू नये. बाहेरून पोहोचण्यासाठी टेलस्केल (फक्त आपल्याच उपकरणांना खासगीपणे जोडणारी व्हीपीएन सेवा) वापरावे, जे तिन्हींवर चालते.

वेगाचा विचार थोडक्यात आटोपतो: गिगाबिट केबलवर तिन्ही पर्याय फोटो-व्हिडिओंना पुरतात.

घरात तुमच्यापैकीच कोणी राहत असेल आणि त्याला यंत्र खोलण्याची आवड असेल, तर जुना संगणक आणि ट्रूनॅस खुशाल निवडा. फक्त आई-वडील असतील तर दोन डिस्कची तयार पेटी आणि यूपीएस घ्या. पाय मला योग्य वाटतो तो दुसऱ्या प्रतीसाठी, आणि ती प्रत लागतेच, कारण आरसा डिस्क गेल्यावर वाचवतो, चुकून पुसलेली फाइल किंवा विजेने जळालेली पेटी वाचवत नाही. आमची दुसरी प्रत डोंबिवलीच्या घरातल्या पायवर आहे. १ टीबी माहिती २० एमबीपीएसच्या अपलोडवर चढवायला साडेचार दिवसांहून अधिक लागतात, म्हणून पहिली प्रत गणपतीला गावी गेलो तेव्हा डिस्कवर करून आणली आणि आता रोज रात्री फक्त नवे बदल तेवढे येतात. तिसरी प्रत एका डिस्कवर, सिलिका जेलच्या पुड्यांसह हवाबंद डब्यात, गावच्या कपाटात असते. दर शिमग्याला ती काढून ताजी करतो आणि पुड्या बदलतो.