‘बटण दाबा, गाडी उचलते’ : ६१,७०० रुपयांचा चुना

लिहू की नको करत तीन महिने घालवले. शरम वाटत होती, दुसरं काय? धायरीतला अठ्ठावन्न वर्षांचा माणूस, जन्मभर कारखान्यात मेंटेनन्स केलेला, आणि त्याला एक जॅकवाला टोपी घालून गेला. पण परवा ओळखीतल्या एकाने तसल्याच मोटरवाल्या जॅकची चौकशी केली, म्हणून लिहितोय. हसायचं तर हसा, पैसे मात्र वाचवा.

गाडीमागे जोडायची छोटी कॅरॅव्हॅन, म्हणजे चाकांवरची खोली, आहे आमची. मुक्कामाला आत चालताना हलते, म्हणून चार कोपऱ्यांना स्टॅबिलायझर जॅक लागतात. हाताने फिरवायचे चार सिझर जॅक आमचा फॅब्रिकेशनवाला ९,६०० रुपयांत देत होता. पण मला स्लिप डिस्क. चार ठिकाणी वाकून हँडल मारायचं म्हणजे संध्याकाळी आडवंच व्हायचं. म्हणून मोटरवाले घ्यायचं ठरवलं. हौस नव्हती हो, गरज होती.

जाहिरातीत ‘इम्पोर्टेड, १२ व्होल्ट, रिमोटसह’. चाकण रस्त्याकडे पत्र्याची शेड. भाव ५०,०००. त्यातले ३०,००० आगाऊ, यूपीआयने. आठवड्याने फोन : माल बंदरात अडकलाय, कस्टमचे ८,५०० पाठवा. इथे तुम्ही कपाळाला हात लावला असेल. दुसऱ्याचं ऐकलं असतं तर मीही लावला असता. पाठवले. माल आल्यावर उरलेले २०,००० रोख. वर आमच्या वेल्डरचे ३,२००.

पण आगाऊ देण्याआधी शेडमध्ये बघायला गेलो होतो, आणि तीच वेळ रात्री झोपू देत नाही. त्याने जॅक व्हाइसमध्ये धरला, बटण दाबलं. पाय खाली, पाय वर. वर वजन नाही, खाली जमीन नाही, सगळं हवेत. आणि म्हणाला, “सर, टनभर गाडी चाकांवरून उचलेल.”

हिने माझी बाही ओढली. “अहो, हे जॅक उचलायचे नसतात असं तुम्हीच सांगत होतात ना?”

होतोच सांगत! चाकाखाली फळ्या घालून गाडी लेव्हल करायची, ती घरंगळू नये म्हणून चाकांना ओट लावायची, आणि मग जॅक जमिनीला टेकवून थोडा ताण द्यायचा, बस. वजन चाकांवरच राहतं. मोटर असो की हँडल, यात फरक नाही. ‘उचलतो’ म्हणणाऱ्याला एकतर माल कळत नाही, नाहीतर तो चोर आहे. हे मला पाठ होतं. तरी हिला म्हणालो, “इम्पोर्टेड आहे, वेगळं असेल.”

हँडल घालायला जागाही नव्हती. “बॅटरी उतरली तर?” विचारलं. “उतरतच नाही सर.” तो हसला, मीही हसलो. हाताने फिरवायची सोय नसलेला मोटरचा जॅक फुकट मिळाला तरी घेऊ नका.

पहिलाच मुक्काम पानशेतकडे. तीन पाय खाली गेले. चौथा घुमला, जळक्या व्हार्निशचा वास आला आणि तो गप्प. सकाळी आणखी दोन वर येईनात. पाय खाली असताना गाडी ओढणार कशी? कमरेला पट्टा बांधून चिखलात अडीच तास उताणा पडून बोल्ट खोलले. कंबर वाचवायला घेतलेले जॅक!

नाना पेठेतल्या मेकॅनिकने स्क्रू-ड्रायव्हरने काळा रंग खरवडला. “काका, ही वायपरची मोटर आहे.” आत प्लॅस्टिकचा गिअर, त्याचे दात झिजून भुगा. वायर दारावरच्या बेलला असते तेवढी बारीक, फ्यूज नाहीच.

मग चौकी. “माल मिळालाय ना? मग फसवणूक कसली? सिव्हिल मॅटर आहे.” दुसऱ्या दिवशी दुसरे साहेब : “शेड आमच्या हद्दीत नाही.” तिकडे गेलो तर, “पैसे तुम्ही घरून पाठवलेत, तिकडेच जा.” चार चकरा, दोनशे रुपयांच्या झेरॉक्स. १ जुलै २०२४ पासून लागू असलेल्या नव्या भारतीय नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम १७३ प्रमाणे दखलपात्र गुन्ह्याची खबर हद्द न बघता घ्यावी लागते. हे सांगितल्यावर साहेब म्हणाले, “वकील आहात का?” बँकेचं त्याहून भारी : “पिन तुम्हीच टाकलात ना, सर?” हो, मीच टाकला! गळ्यावर सुरी नव्हती, म्हणून लुबाडणूक होत नाही का?

पैसे गेल्याचं कळताच त्याच तासात १९३० या सायबर फसवणुकीच्या हेल्पलाइनला फोन करा. मी सत्तावीस दिवसांनी केला.

बिलावरचा जीएसटी नंबर मोजा : पंधरा अक्षरं हवीत, महाराष्ट्राचा २७ ने सुरू होतो. माझ्या बिलावर चौदा. वकिलाच्या पोरीने पाच सेकंदांत दाखवलं. वकिलांनी जॅकवाल्याला पाठवलेली नोटीस ‘पत्ता अपूर्ण’ शेऱ्यासह परत आली. आता ग्राहक आयोगात जातोय. पाच लाखांपर्यंत फी नाही, मुदत दोन वर्षं.

जॅक शेवटी ९,६०० वालेच बसवले. भाच्याने हँडलच्या जागी कॉर्डलेस ड्रिलला सॉकेट लावून चारही पाय पाच मिनिटांत खाली केले. ड्रिल माझ्याकडे २०१९ पासून आहे.

ते चार ‘इम्पोर्टेड’ पोर्चमध्ये पडलेत. भंगारवाला किलोला २८ रुपये म्हणाला. पुरावा आहे, म्हणून देता येत नाहीत. येता-जाता ठेच लागते.