जे आमचंच होतं, ते मी विकत घेतलं

बत्तीस वर्षं मी बँकेत काढली, त्यातली बरीचशी कॅशच्या खिडकीत. खोटी नोट डोळ्यांच्या आधी बोटांना कळायची. २०१९ साली ठाण्याच्या शाखेतून निवृत्त झाले. हे मुद्दाम आधी सांगतेय, कारण पुढचं वाचताना ‘वय झालं, कळलं नसेल बाईंना’ असं कुणालाही वाटेल. तसं नाही हो. सगळं कळत असताना माझ्या हातून ११,४९९ रुपये गेले.

ऐरोलीत आमची ८४ सदनिकांची सोसायटी आहे. मी तिची खजिनदार. वॉचमनच्या केबिनला लागून एक खोली आहे, तिला आम्ही ऑफिस म्हणतो. एक टेबल, दोन कपाटं आणि २०१९ मध्ये नवाकोरा घेतलेला एका नावाजलेल्या कंपनीचा डेस्कटॉप. मेंटेनन्सची बिलं, थकबाकी, सभांची इतिवृत्तं, सगळं त्यातच.

२०२५ च्या फेब्रुवारीत त्याची हार्ड डिस्क बसली. स्टेशनजवळच्या एका दुकानातून मुलगा आला. चुणचुणीत, ‘काकू काकू’ करणारा. नवी एसएसडी, म्हणजे आधुनिक, वेगवान डिस्क, बसवली, जुन्या डिस्कवरचा डेटा काढून दिला. इथपर्यंत काम चोख, पैसेही वाजवी. पंधरा दिवसांनी पडद्याच्या उजव्या कोपऱ्यात खाली फिकट अक्षरं उमटली : ‘ॲक्टिव्हेट विंडोज’. त्याला फोन केला तर म्हणाला, “काकू, जुन्या डिस्कबरोबर जुनं लायसन्स गेलं. नवीन टाकावं लागेल. बाहेर फार महाग आहे, मी विंडोज आणि एमएस ऑफिस दोन्ही लाइफटाइम करून देतो. पंधराशे.”

५ मार्चला तो आला. पेनड्राइव्ह लावला आणि म्हणाला, “अँटिव्हायरस जरा बंद करतो, नाहीतर लायसन्स बसत नाही.” त्या क्षणी मी त्याला उठवायला हवं होतं. लॉकर बसवायला आलेला माणूस ‘वॉचमनला जरा बाहेर पाठवा’ म्हणाला असता, तर मी पाठवलं असतं का? पण इथे मी चहा मागवला. दहा मिनिटांत अक्षरं गेली. पावती म्हणून त्यानं वहीचा अर्धा कागद फाडून ‘विंडोज प्रो + ऑफिस, लाइफटाइम, १५००’ असं लिहून दिलं. बँकेत असं व्हाउचर माझ्यासमोर आलं असतं, तर आणणाऱ्याची मी खरडपट्टी काढली असती.

तरी मी अगदीच डोळे मिटून घेतलं नाही. सेटिंग्जमध्ये जाऊन ॲक्टिव्हेशनचं पान उघडलं. तिथे इंग्रजीत लिहिलं होतं, की विंडोज तुमच्या ‘ऑर्गनायझेशन’च्या ॲक्टिव्हेशन सेवेतून चालू झालं आहे. ऑर्गनायझेशन म्हणजे संस्था आणि आपली तर सहकारी गृहनिर्माण संस्थाच! मुलानं लायसन्स थेट सोसायटीच्या नावावर घेतलं, म्हणून मी समाधान पावले. सचिवांनाही कौतुकानं सांगितलं. आता आठवलं की कानकोंडं होतं.

एप्रिलपासून ब्राउझर वेड्यासारखं करायला लागला. काही शोधायला गेलं की गूगलऐवजी भलत्याच नावाचं पान उघडायचं आणि वरचे चार-पाच दुवे जाहिरातींचे असायचे. मी दुर्लक्ष केलं. बिलं निघत होती ना.

गणपतीत पुन्हा ती फिकट अक्षरं आली. गौरी जेवत होत्या, कुणाला सवड? गौरी गेल्या आणि ४ सप्टेंबरला, गुरुवारी दुपारी मी ऑफिसात बसले. वार्षिक सर्वसाधारण सभा २१ तारखेला ठरली होती. ती ३० सप्टेंबरच्या आत घ्यावीच लागते आणि नोटीस चौदा पूर्ण दिवस आधी सदस्यांच्या हातात पडली पाहिजे. म्हणजे ६ तारखेला नोटीस वाटायची होती आणि ताळेबंद त्या संगणकात होता. त्या मुलाला चार फोन केले, उचलले नाहीत. मग त्याच संगणकावर ‘विंडोज ॲक्टिव्हेशन हेल्पलाइन’ असं टाकून शोधलं. पहिल्याच ओळीत फोन नंबर होता.

फोन मीच केला, ही गोष्ट मला अजून छळते. मला कुणी फोन केला नव्हता, धमकावलं नव्हतं.

पलीकडचा माणूस हिंदीत, मधूनमधून इंग्रजीत, फार अदबीनं बोलत होता. त्यानं आधी स्वतःचा ‘एम्प्लॉयी आयडी’ सांगितला आणि मला लिहून घ्यायला लावला. कागदावर काही लिहिलं की आपला विश्वास बसतो, हे त्या लोकांना नेमकं ठाऊक असतं. मग लांबून संगणक हाताळायचं ॲप उतरवायला सांगितलं. ही ॲप मुळात वाईट नसतात, कंपन्यांतली आयटीची माणसं रोज वापरतात. पण त्यातला आकडा दुसऱ्याला सांगणं म्हणजे घराची किल्ली देणं. पडदा अंधुक होऊन मध्ये एक चौकट आली. “मॅडम, यस दबाइये.” मी दाबलं. संगणकाचे सगळे अधिकार त्या एका ‘यस’बरोबर गेले.

त्यानं ‘इव्हेंट व्ह्यूअर’ नावाची खिडकी उघडली. लाल आणि पिवळ्या खुणांच्या ओळीच ओळी. “देखिए मॅडम, सब व्हायरस.” नंतर कळलं, की तसल्या खुणा धडधाकट संगणकातही शेकड्यांनी असतात. छपाईयंत्र सापडलं नाही, एखादी सेवा उशिरा सुरू झाली, अशा किरकोळ नोंदी त्या. मग काळी खिडकी उघडून ‘नेटस्टॅट’ असं टाइप केलं. आकड्यांची रांग आली आणि वर मथळा ‘फॉरिन ॲड्रेस’. “ये सब फॉरिन के हॅकर आपके कंप्युटर में बैठे हैं.” इथे मी खरंच घाबरले. प्रत्यक्षात त्या मथळ्याचा परदेशाशी काडीचा संबंध नाही. आपला संगणक ज्याच्याशी बोलतोय त्या पलीकडच्या टोकाचा तो पत्ता. मेल उघडला तरी तिथे आकडे दिसणारच.

तीन वर्षांचं लायसन्स आणि सुरक्षा मिळून ४,९९९. मी माझ्या फोनवरून यूपीआय केलं. पिन टाकायच्या आधी पैसे घेणाऱ्याचं नाव आलं, ते कुठल्याशा एंटरप्रायझेसचं होतं. खातेदाराचं नाव जुळल्याशिवाय चेक पुढे न सरकवणारी मी, ते नाव वाचलं आणि पिन टाकला.

पैसे पोचल्यावर तो म्हणाला, ऑफिसचं लायसन्स वेगळं, आणखी ९,९९९. म्हटलं, अध्यक्षांना विचारून सांगते. “ओके मॅडम, एक मिनट.” काळ्या खिडकीत पटापट काहीतरी टाइप झालं आणि पडदा विझला. संगणक पुन्हा सुरू झाला आणि पासवर्ड मागायला लागला. आमचा पासवर्ड टेबलाच्या खणात आतून चिकटवलेला आहे. तो टाकला. चुकीचा. सावकाश, एकेक अक्षर बघून पुन्हा टाकला. चुकीचा.

फोन अजून चालूच होता. आवाज तोच, अदब गेलेली. “अनलॉक चार्ज पाच हजार.”

मी दिले. सभेची नोटीस, ताळेबंद, ‘बँकेतल्या बाई’ म्हणून कमिटीत असलेला मान, सगळं एकदम डोळ्यांपुढे आलं. त्यानं आठ अक्षरांचा पासवर्ड सांगितला, तो लागला नाही. परत फोन केला तर नंबर बंद.

रात्री कुणाला काही बोलले नाही. यजमानांनाही नाही. सकाळी लिफ्टमध्ये चौथ्या मजल्यावरची मुलगी भेटली. माइंडस्पेस या आयटी पार्कमध्ये एका कंपनीत सिस्टिमचं काम बघते. माझा चेहरा बघून तिनंच विचारलं, “काकू, बरं नाही का?” आणि मी तिथेच रडले.

ऑफिसात शिरल्याबरोबर तिनं आधी नेटची वायर काढली. मग माझ्या हातात फोन दिला : “१९३० लावा. मी हे बघते.” सायबर फसवणुकीची ही देशभरची हेल्पलाइन. व्यवहाराचा क्रमांक, वेळ, रक्कम विचारली, तक्रारीचा नंबर दिला. नंतर सायबरक्राइम डॉट जीओव्ही डॉट इन या सरकारी पोर्टलवर बाकीचा तपशील भरला. माझी मोठी चूक म्हणजे गेलेली रात्र. असा पैसा एका खात्यातून दुसऱ्यात उड्या मारत जातो, वाटेत अडवायचा तर तासाभरातच फोन गेला पाहिजे. बँकेलाही कळवलं, पण तिथून काही मिळणार नाही हे मला आधीच माहीत होतं. रिझर्व्ह बँकेचं ६ जुलै २०१७ चं परिपत्रक मी स्वतः खातेदारांना समजावून सांगत असे. तुमच्या नकळत झालेला व्यवहार वेळेत कळवलात तर संरक्षण आहे. मी तर माझ्या हातानं पिन टाकला होता.

एवढ्यात तिनं घरून उबंटूचा पेनड्राइव्ह आणला. उबंटू म्हणजे विंडोजऐवजी संगणक चालवणारी दुसरी, फुकट प्रणाली. संगणक विंडोजऐवजी त्या पेनड्राइव्हवरून सुरू केला आणि बघते तर आमचे सगळे फोल्डर समोर! पासवर्ड विचारलासुद्धा नाही. मी थक्क. ती म्हणाली, “काकू, लॉगिनचा पासवर्ड म्हणजे दाराची कडी. डिस्क एन्क्रिप्ट केलेली, म्हणजे आतला मजकूर सांकेतिक करून कुलूपबंद केलेला नसेल, तर मागच्या दारानं आत जाता येतं. त्यानं फक्त कडी बदललीय. दोन शब्दांची कमांड असते, ‘नेट यूझर’.” मात्र हे सगळ्यांना लागू नाही, असंही तिनं बजावलं. नव्या लॅपटॉपवर मायक्रोसॉफ्ट अकाउंटनं लॉगिन केलेलं असलं, की डिस्क बहुतेकदा आपोआप एन्क्रिप्ट होते. मग ४८ आकडी रिकव्हरी की लागते. ती त्या अकाउंटमध्ये साठवलेली असते, आजच शोधून कागदावर उतरवून ठेवावी.

तिनं फक्त आमच्या फाइली काढल्या, प्रोग्राम एकही नाही. पासवर्ड मोडून तोच संगणक पुढे वापरायला ती तयार नव्हती. तोवर तिला सी ड्राइव्हमध्ये एक फोल्डर सापडला होता, तारीख ५ मार्च.

त्या मुलाचं ‘लाइफटाइम’ काय होतं ते तेव्हा समजलं. मोठ्या कंपन्यांत शेकडो संगणक असतात, त्यांच्यासाठी केएमएस नावाची सोय असते. कंपनीचा एक सर्व्हर बाकीच्या संगणकांना परवाना देतो, तो १८० दिवस टिकतो आणि परस्पर नूतनीकरण होत राहतं. खऱ्या सर्व्हरला किमान २५ संगणक लागतात. आमच्याकडे एक. म्हणून त्या मुलानं आमच्याच संगणकात खोटा सर्व्हर बसवला होता. पडद्यावरची ‘ऑर्गनायझेशन’ ती, आमची संस्था नव्हे! त्या खोट्या परवान्याचं नूतनीकरण झालंच नाही. ५ मार्चपासून १८० दिवस मोजले तर १ सप्टेंबर येतो. गौरीपूजनाचा दिवस.

स्वतःचा संगणक तपासायचा असेल तर विंडोज आणि आर ही दोन बटणं एकत्र दाबून एसएलएमजीआर, मग जागा सोडून स्लॅश डीएलआय असं इंग्रजीत टाकावं. घरच्या किंवा दुकानातल्या एकट्या संगणकावर ‘व्हॉल्यूम’ आणि ‘केएमएस’ हे शब्द दिसले, तर लायसन्स तुमचं नाही.

त्याच क्रॅकबरोबर, म्हणजे खोटं लायसन्स बसवणाऱ्या प्रोग्रामबरोबर, ब्राउझरमधलं ते भलतं सर्च आलं असावं आणि त्यातून तो फोन नंबर. ‘असावं’ हा तिचा शब्द. पुरावा नाही म्हणाली. पण म्हणून तिनं मला माझ्या फोनवरून ईमेलचे आणि बँकेचे पासवर्ड आधी बदलायला लावले, कारण ब्राउझरमध्ये जपून ठेवलेले पासवर्ड असल्या प्रोग्रामांना आयते मिळतात. सोसायटीच्या खात्यात नेटवरून फक्त शिल्लक दिसते, पैसे काढायला चेकवर दोन सह्या लागतात. या जुन्या पद्धतीला मीच नावं ठेवत होते.

दुपारी तिनं डिस्क पूर्ण पुसून विंडोज नव्यानं टाकलं, प्रो नव्हे, होम ही घरगुती आवृत्ती. मी विचारलं, लायसन्सचे किती द्यायचे? ती हसली. नेट जोडल्यावर दोन मिनिटांत ॲक्टिव्हेशनच्या पानावर हिरवी खूण. एक रुपया न भरता. कंपनीकडून विंडोजसह आलेल्या संगणकाची की मदरबोर्डवरच्या चिपमध्ये असते, डिस्कमध्ये नाही. डिस्क बदलली, जाळली, खाडीत फेकली तरी लायसन्स शाबूत. फेब्रुवारीत त्या मुलानं होमच्या जागी प्रो टाकलं, म्हणून ते जुळेना. आमचंच लायसन्स आमच्या खोलीत पडून होतं आणि मी ते आधी पंधराशेला आणि मग दहा हजाराला विकत घेत होते. एमएस ऑफिसच्या जागी तिनं लिबरऑफिस टाकून दिलं, फुकट आहे, एक्सेलच्या फाइली उघडतात. चार दिवस बटणं शोधण्यात गेले, मग सवय झाली.

नोटीस ६ तारखेला, विसर्जनाच्या दिवशी वाटली. सभेत मी उभं राहून हे सगळं सांगितलं. ९,९९९ माझ्या खिशातले गेले, पण पंधराशे सोसायटीचे होते, ते मी भरून दिले. एका सदस्यानं विचारलं, हे आधी कुठल्या सदरात दाखवले होते? ‘संगणक दुरुस्ती’. हशा झाला. सभेनंतर मात्र तिघं जण हळूच येऊन म्हणाले, “आमच्याकडेही तोच मुलगा येतो.” एका खात्यात काही रक्कम गोठवली आहे, असा निरोप आला आहे. हातात अजून काही नाही.

१० तारखेला त्या मुलाचा फोन आला होता. “काकू, गणपतीला गावाला गेलो होतो, रेंज नव्हती. लायसन्स संपलं ना? येऊ का करून द्यायला?”

म्हटलं, “ये. येताना दुकानाचं बिलबुक घेऊन ये.”

अजून आलेला नाही.