पुण्यातल्या कॉलेजवयीन मुलांना भेट म्हणून दुर्बीण : निकॉन अ‍ॅक्युलॉन ए२११, ८×४२

दहावी-बारावीचा निकाल, अठरावा वाढदिवस, वसतिगृहात राहायला जाण्याचा दिवस किंवा दिवाळी अशा प्रसंगी सोळा ते एकवीस वर्षांच्या मुलामुलींना काय द्यावे, हा प्रश्न आपल्याकडे बहुतेक घरांत शेवटी पाकिटावर येऊन थांबतो. पाकिटात गैर काहीच नाही आणि ज्या मुलाला शुल्काची किंवा खाणावळीच्या पैशांची निकड आहे, त्याला पाकीटच द्यावे. एरवी मात्र ते पैसे महिन्याभराच्या खर्चात विरून जातात. कपड्यांची आवड या वयात दर सहा महिन्यांनी पालटते, आणि स्पर्धा परीक्षेचे पुस्तक भेट म्हणून हाती ठेवले तर त्या मुलाला ती आणखी एक अपेक्षा वाटते. या वयासाठी भेट निवडताना मी तीन गोष्टी पाहते : तिचा गुणांशी संबंध नसावा, तिने मुलाला घराबाहेर काढावे, आणि ती वापरण्यासाठी त्याला आई-वडिलांवर अवलंबून राहावे लागू नये. अभियांत्रिकीच्या दुसऱ्या वर्षाला असलेल्या माझ्या भाचीसाठी याच विचाराने आम्ही निकॉनची अ‍ॅक्युलॉन ए२११ ही ८×४२ दुर्बीण घेतली. ती भरपूर वापरली गेल्यानंतर आता तिच्याविषयी सविस्तर लिहिते आहे.

दुर्बिणीवरचे दोन आकडे समजून घेतल्याशिवाय ती विकत घेऊ नये. पहिला आकडा वस्तू किती पट जवळ दिसेल ते सांगतो. आठपट म्हणजे ऐंशी मीटरवरचा पक्षी दहा मीटरवर असल्यासारखा दिसतो. दुसरा आकडा पुढच्या भिंगाचा मिलिमीटरमधला व्यास असतो आणि आत किती प्रकाश येणार ते त्यावर ठरते. बेचाळीसला आठाने भागले की सुमारे ५.३ येतात, आणि एवढ्या मिलिमीटर व्यासाचा प्रकाशझोत प्रत्येक डोळ्यात उतरतो. अंधारात तरुण डोळ्याची बाहुली सात मिलिमीटरपर्यंत उघडू शकते, त्यामुळे हा सगळा प्रकाश तिच्या कामी येतो. पहाटेच्या संधिप्रकाशात आणि रात्रीच्या आकाशाकडे पाहताना लहान, खिशात मावणाऱ्या दुर्बिणीपेक्षा ही दुर्बीण उजवी ठरते ती यामुळेच.

दुकानात गेल्यावर बहुतेक काका-मामांचा कल जास्त पट असलेल्या दुर्बिणीकडे असतो, आणि त्यांना मी आग्रहाने थांबवीन. पट वाढली की हाताचा कंपही तितक्याच पटीने वाढतो आणि एका वेळी दिसणारा परिसर आक्रसतो. याच मालिकेतल्या १०×५० दुर्बिणीचे दृष्टिक्षेत्र साडेसहा अंशांचे आहे, तर ८×४२ चे आठ अंशांचे. म्हणजे एक किलोमीटर अंतरावर हिच्यातून सुमारे १४० मीटर रुंदीचा पट्टा एकदम दिसतो. पानांत दडलेला तांबट किंवा हळद्या शोधताना हा फरक फार मोलाचा असतो, कारण नवशिक्याची पहिली अडचण पक्षी दुर्बिणीत सापडत नाही हीच असते. पाच-सहा वेळा तो निसटला की मुले दुर्बीण बाजूला ठेवतात. वजनाचाही प्रश्न आहे. ८×४२ सुमारे ७५५ ग्रॅमची आहे, तर १०×५० साधारण ९०० ग्रॅमची, आणि सिंहगडाची वाट चढून गेल्यावर गळ्यातले ते जास्तीचे वजन चांगलेच जाणवते. झूम असलेल्या आणि खोक्यावर अवाच्या सवा आकडे छापलेल्या स्वस्त दुर्बिणींचा तर विचारही करू नये. लडबडत्या तिवईवरच्या, शेकडो पटींचा दावा करणाऱ्या खेळण्यातल्या टेलिस्कोपचीही तीच गत आहे. त्यातून चंद्र थरथरत दिसतो आणि मुलाची आकाशाविषयीची ओढ तिथेच संपते. खऱ्या टेलिस्कोपची आवड ज्याला पुढे लागेल, त्याने आधी टिळक रस्त्यावरच्या ज्योतिर्विद्या परिसंस्थेशी संपर्क साधावा. १९४४ साली पुण्यात स्थापन झालेली ही संस्था हौशी आकाशनिरीक्षकांची आहे, आणि जाणत्या माणसांसोबत आकाश पाहण्याची तशी सोय फार थोड्या शहरांत मिळते.

आता प्रत्यक्ष वापराविषयी. या दुर्बिणीची घडण जुन्या पद्धतीची, म्हणजे पुढची दोन भिंगे डोळ्यांकडच्या भिंगांपेक्षा एकमेकांपासून जास्त दूर असलेली आहे. अशी घडण दिसायला बोजड असते, पण कमी किमतीत चांगले चित्र देते. सरळ नळ्यांच्या सडपातळ दुर्बिणीतून तेवढेच चांगले चित्र हवे असेल, तर बरेच जास्त पैसे मोजावे लागतात. मध्यभागी चित्र स्वच्छ आणि उजळ दिसते. कडेला ते थोडे मऊ पडते, पण या किमतीत ते मान्य करावे असे माझे मत आहे. रबराचे आवरण हातात घट्ट बसते, मधले चाक मोठे असल्याने एका बोटाने फिरते, आणि दुर्बिणीला तिवई जोडण्याची सोयही आहे.

भेट देणाऱ्याने दुर्बीण जुळवून घेण्याची पद्धत मुलाला एकदा शेजारी बसून दाखवावी, कारण ती न कळल्यामुळे अनेक चांगल्या दुर्बिणी कपाटात पडून राहतात. आधी दोन्ही नळ्या बिजागरीवर उघडमीट करून आपल्या डोळ्यांच्या अंतराशी अशा जुळवाव्यात की दोन वर्तुळांचे एक वर्तुळ दिसेल. मग उजवा डोळा मिटून फक्त डाव्या डोळ्याने दूरची पाटी पाहावी आणि मधल्या चाकाने ती स्पष्ट करावी. त्यानंतर डावा डोळा मिटावा आणि तीच पाटी उजव्या नळीवरची कडी फिरवून स्पष्ट करून घ्यावी. दोन डोळ्यांच्या नंबरांतला फरक असा एकदा भरून निघाला की पुढे मधल्या चाकाखेरीज कशालाही हात लावावा लागत नाही. पक्षी शोधताना नजर त्याच्यावरून न हलवता दुर्बीण डोळ्यांपर्यंत उचलायची, ही सवय लागायला थोडे दिवस जातात.

पुण्यात राहणाऱ्या मुलाला ही वस्तू देण्यात विशेष अर्थ आहे, कारण इथे ती वापरायला गाडी काढून दूर जावे लागत नाही. वेताळ टेकडी, फर्ग्युसनमागची हनुमान टेकडी, विद्यापीठाचा प्रशस्त परिसर, पाषाणचा तलाव, येरवड्याजवळ मुळा-मुठेच्या काठावरचे डॉ. सालीम अली पक्षी अभयारण्य ही सगळी ठिकाणे बस किंवा सायकलच्या टप्प्यात आहेत. सोलापूर रस्त्यावरच्या कवडीपाटला हिवाळ्यात चक्रवाक आणि थापट्या बदके दिसतात. शेकाट्या आणि वारकरी हे पक्षी आणि हळदीकुंकू बदके तर पाणथळ जागी सहज ओळखू येतात, आणि ही नावे मुलांच्या तोंडी बसायला वेळ लागत नाही. भाची तिच्या कॉलेजच्या आवारातल्या वडावर हरियाल शोधायला शिकली. आपल्या राज्याचा हा पक्षी हिरव्या पानांत इतका बेमालूम मिसळतो, की नुसत्या डोळ्यांनी पाहणाऱ्याला झाड रिकामेच वाटते. दर फेब्रुवारीत देशभरातल्या कॉलेजांच्या आवारांत पक्षिगणना होते आणि तिच्या नोंदी ई-बर्ड या पक्षिनोंदींच्या संकेतस्थळावर केल्या जातात. त्यात विद्यार्थ्यांना भाग घेता येतो. मर्लिन हे मोफत अ‍ॅप आवाजावरून आणि छायाचित्रावरून पक्षी ओळखायला मदत करते. ज्या मुलांच्या हातातून मोबाइल सुटत नाही अशी आपण तक्रार करतो, त्यांचा मोबाइल इथे दुर्बिणीचा सोबती होतो, हे मला फार समाधानाचे वाटते.

रात्रीचे सांगायचे तर शहराच्या झगमगाटातही चंद्रावरची विवरे या दुर्बिणीतून सुरेख दिसतात, आणि ती पाहण्यासाठी पौर्णिमेपेक्षा अष्टमीच्या आसपासचे दिवस चांगले, कारण तेव्हा प्रकाश आणि अंधाराच्या सीमेवर सावल्या लांब पडलेल्या असतात. कोपर गच्चीच्या कठड्यावर टेकवून पाहिले तर गुरूचे चंद्र बारीक ठिपक्यांसारखे एका रेषेत दिसतात. १६१० साली गॅलिलिओने पाहिले ते हेच चार चंद्र. कृत्तिकांत नुसत्या डोळ्यांना सहा-सात तारे दिसतात, तिथे दुर्बिणीतून कितीतरी दिसतात. मृग नक्षत्रातला तेजोमेघ आणि देवयानी दीर्घिका पाहायची तर पानशेत किंवा वेल्ह्याच्या बाजूला, अमावास्येच्या आसपास जावे. शनीची कडी मात्र आठपटीच्या दुर्बिणीतून सुटी दिसत नाहीत, आणि ती दिसतील असे मुलाला आधी सांगून ठेवू नये.

या दुर्बिणीच्या काही मर्यादा खरेदीआधी नीट तोलायला हव्यात आणि त्यातली पहिली अनेक मुलांसाठी निर्णायक ठरू शकते. डोळा नेत्रिकेपासून, म्हणजे डोळ्याकडच्या भिंगापासून, जास्तीत जास्त जेवढा दूर ठेवून पूर्ण चित्र दिसते, ते अंतर इथे १२ मिलिमीटर आहे. चष्मा घालून पाहायचे तर साधारण १५ मिलिमीटर किंवा त्याहून जास्त अंतर लागते. ज्याला फक्त जवळचे किंवा फक्त दूरचे दिसत नाही, तो चष्मा काढून मधल्या चाकाने चित्र स्पष्ट करू शकतो, पण त्याला दर वेळी चष्मा काढ-घाल करावी लागते. ज्याच्या चष्म्यात सिलिंड्रिकल नंबर मोठा आहे, त्याला चष्मा काढून स्वच्छ चित्र मिळणारच नाही. अशा मुलासाठी ही दुर्बीण घेऊ नये. हे अंतर जास्त असलेली दुसरी शोधावी, मग त्यासाठी थोडे जास्त पैसे पडले तरी चालतील. भेट गुपित ठेवण्याच्या हौसेपायी चष्म्याचा नंबर विचारायचे राहून जाते, म्हणून मुलाच्या आईला तो आधीच विचारून घ्यावा. दुसरी मर्यादा म्हणजे पाच मीटरच्या आतली वस्तू हिच्यातून स्पष्ट दिसत नाही. ज्याला फुलपाखरांचे आणि चतुरांचे वेड आहे, त्याची यामुळे निराशा होईल.

तिसरी मर्यादा पुण्याच्या हवेशी बांधलेली आहे. ही दुर्बीण जलरोधक नाही आणि आपल्याकडे जूनपासून सप्टेंबरपर्यंत हवेत इतकी ओल असते, की बंद पिशवीत ठेवलेल्या कोणत्याही भिंगावर आतून बुरशी धरू शकते. भेटीसोबत घट्ट झाकणाचा एक डबा आणि सिलिका जेलच्या पुड्या द्याव्यात आणि पावसाळ्यात दुर्बीण त्यातच ठेवायला सांगावी. वसतिगृहाच्या लोखंडी कपाटात ओल्या रेनकोटशेजारी ती राहिली, तर पहिल्याच वर्षी खराब होईल. भिंग शर्टाच्या टोकाने पुसू नये. आधी फुंकणीने किंवा मऊ ब्रशने धूळ उडवावी आणि मगच भिंगाच्या कापडाने हलकेच पुसावे.

भेट देताना दोन सूचना स्पष्ट शब्दांत द्याव्यात. दुर्बिणीतून सूर्याकडे कधीही पाहायचे नाही, अगदी मावळतीच्या सूर्याकडेही नाही, कारण क्षणभरातही डोळ्याला कायमची इजा होऊ शकते. दुसरी सूचना आपल्या शहरापुरती अधिक महत्त्वाची आहे. पाषाण, खडकी, लोहगाव, खडकवासला या भागांत संरक्षण खात्याच्या संस्था आणि विमानतळ आहेत, त्यांच्या कुंपणाच्या आसपास दुर्बीण बाहेर काढू नये. सोसायटीच्या गच्चीवरून पाहताना ती आकाशाकडे आणि झाडांकडेच असावी, शेजाऱ्यांच्या खिडक्यांकडे नाही. हे बोलताना संकोच वाटतो, पण कॉलेजवयीन मुलगा ते समजून घेण्याइतका मोठा असतो, आणि विश्वासाने सांगितले तर त्याला ते आवडतेही.

किमतीविषयी माझे मत असे, की ही एकट्याने द्यायची भेट नव्हे. आत्या, मामा, मावशी आणि आजी-आजोबा यांनी आपापली पाकिटे एकत्र केली तर ती सहज घेता येते. आमच्या घरी तसेच केले आणि कार्डावर सगळ्यांची नावे लिहिली. शक्य असेल तर दुकानात जाऊन दुर्बीण डोळ्याला लावून पाहावी. दोन्ही डोळ्यांनी मिनिटभर पाहिल्यावर डोळ्यांवर ताण आला किंवा एकाची दोन चित्रे दिसू लागली, तर आतले लोलक, म्हणजे प्रकाश वळवणारे काचेचे ठोकळे, सरकलेले असू शकतात. तो नग बदलून मागावा. बिल आणि हमीपत्र मुलाच्याच हाती द्यावे, कारण वस्तू त्याची आहे आणि तिची जबाबदारीही त्याचीच असायला हवी.

राहिला भेटीच्या मुहूर्ताचा प्रश्न. निकाल मे-जूनच्या सुमारास लागतात आणि त्यापाठोपाठ पावसाळा सुरू होतो, त्यामुळे निकालाची भेट म्हणून दिलेली दुर्बीण पहिले तीन-चार महिने डब्यातच राहते. निकालाला पेढे आणि शाबासकी द्यावी आणि दुर्बीण दिवाळीत द्यावी. तोवर आकाश निवळलेले असते, उत्तरेकडून येणारे पाहुणे पक्षी पाणवठ्यांवर उतरू लागलेले असतात, आणि दिवाळीच्या सुट्टीमुळे पहाटे टेकडीवर जायला मुलांकडे वेळही असतो.